चॅम्पियन घोडा पागेत आणण्यापूर्वी

तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. दत्तजयंतीनंतर ती ओसरायला लागली की मला फोन येऊ लागतात. बोलणारे वेगवेगळे असतात, पण अडचणी त्याच असतात. “रिंगणात पहिला आलेला घोडा घेतला, सहा घोड्या लावल्या, एकही गाभण नाही.” “मित्रासोबत अर्धा-अर्धा घेतला होता, आता त्याला विकायचा आहे आणि मला नाही.” “घोडा अंगावर येतो, दोन मोतद्दार काम सोडून गेले.” अकलूजचा बाजार आणि माळेगावची यात्रा यांनंतरही हेच ऐकू येतं.

फोनवर प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यानं जे सांगतो, ते इथे एकत्र सांगतो. तुमच्यापैकी बहुतेकांकडे मारवाडी किंवा काठियावाडी नर घोडे आहेत, म्हणून बोलणं मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. भीमथडीवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

पहिला प्रश्न: तुम्हाला घोडा हवा आहे, की त्याची शिंगरं?

हा प्रश्न स्वतःला विचारलात तर निम्मे निर्णय सोपे होतात. तुमच्याकडे दोन-चार घोड्या असतील आणि चांगली पैदास हवी असेल, तर नर घोडा विकत घेऊ नका. तोच पैसा एका उत्तम घोडीत घाला आणि भरवणीची फी देऊन हव्या त्या घोड्याकडे तिला न्या. एका घोड्याचा वर्षभराचा खुराक, स्वतंत्र माणूस, भक्कम कुंपण, नालबंद आणि डॉक्टर हा खर्च आठ-दहांपेक्षा कमी घोड्या असतील तर अंगावर पडतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय घरचा घोडा असला की प्रत्येक घोडीला तोच लावला जातो, मग तो तिला जुळो वा न जुळो.

विचार करण्याजोगे पर्याय चार आहेत:

- पूर्ण मालकी. निर्णय तुमचे, जोखीमही तुमची.
- भागीदारी. किंमत वाटली जाते. पण लेखी करार नसेल तर दुसऱ्याच हंगामात भांडण होतं.
- हंगामापुरता भाडेकरार. मालक घोडा तुमच्या पागेत तीन-चार महिने ठेवतो. पहिल्यांदाच या क्षेत्रात येणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो. घोड्याचा स्वभाव आणि त्याची फळण्याची ताकद दोन्ही कळतात.
- फक्त भरवणी किंवा वीर्य विकत घेणं. सगळ्यांत स्वस्त आणि बहुतेकांसाठी सगळ्यांत शहाणपणाचं.

‘चॅम्पियन’ या शब्दात काय येतं आणि काय येत नाही

आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा रूपाच्या असतात. अदंत, दोनदाती, पूर्ण वाढीचा नर असे गट पाडतात. पंच उंची, कान, मान, डोळा, चालणं पाहतात. त्या दिवशी, त्या गटात हा घोडा देखणा ठरला, एवढंच ते पदक सांगतं. घोडा धावतो कसा, थकून किती वेळात सावरतो, स्वार बसल्यावर ऐकतो का, हे त्यातून कळत नाही. तो फळतो का, हे तर मुळीच कळत नाही.

कामाचा घोडा पाहायचा असेल तर कामाची नोंद मागा. लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोडा टप्प्यावर आला की डॉक्टर त्याची नाडी पाहतात. ठरलेल्या वेळात ती मिनिटाला ६४ वर किंवा त्याखाली उतरावी लागते, नाहीतर घोडा बाद. ज्याच्याकडे अशा तपासण्यांचे कागद आहेत, त्या घोड्याच्या हृदयाबद्दल आणि पायांबद्दल तुम्हाला खरं काहीतरी माहीत आहे. रेवाल चालीच्या घोड्यांबाबत मी एक जास्तीची काळजी घ्यायला सांगतो. डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षं पळवलेला घोडा पाच-सहा वर्षांतच पुढच्या पायांनी जातो. चाल जितकी प्रसिद्ध, तितके त्याचे गुडघे, घोटे आणि खूर बारकाईनं पाहा.

देवमण, पंचकल्याणी, भोवऱ्या यांबद्दल वाद घालत नाही. बाजारात त्यांना किंमत मिळते, हे खरं आहे. पण भोवरी पाहताना खूर पाहायचे राहून जातात, आणि पुढची वीस वर्षं घोड्याचं सगळं वजन खुरांवरच पडणार असतं.

विजेत्या घोड्यामागे आंधळेपणानं धावलं की काय होतं, याचं अमेरिकेतलं एक उदाहरण प्रत्येक घोडेवाल्यानं लक्षात ठेवावं. क्वार्टर हॉर्स जातीचा ‘इम्प्रेसिव्ह’ नावाचा घोडा १९७४ मध्ये रूपाच्या स्पर्धेत विश्वविजेता झाला. पिळदार स्नायूंसाठी सगळ्यांना त्याचीच शिंगरं हवी होती. त्याची दोन हजारांहून अधिक शिंगरं जन्मली. नंतर लक्षात आलं की त्याच्या वंशात स्नायूंचा एक जनुकीय आजार उतरतो आहे. रक्तातलं पोटॅशियम वाढून घोडा थरथरतो, कोसळतो, कधी मरतो. १९९२ मध्ये त्यामागचा जनुकीय दोष सापडला. दोन्ही बाजूंनी दोष आलेल्या शिंगरांची नोंदणी २००७ च्या जन्मापासून बंद झाली. एका घोड्याच्या पदकाची ही किंमत हजारो लोकांनी आणि त्यांच्या जनावरांनी मोजली. आपल्याकडे एखाद्या नावाजलेल्या मारवाडी घोड्याच्या पाठीमागे अख्खा तालुका लागतो आणि पाच-सात वर्षांत त्याच्या मुलींनाच त्याचा मुलगा लावला जातो, तेव्हा मला हाच घोडा आठवतो.

पैसे देण्यापूर्वीची तपासणी

बाजारात आकडे मोठे ऐकू येतात. सांगितलेली किंमत आणि झालेला व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या तंबूतला घोडा ‘एक कोटीला मागितला’ म्हणून तुमच्या समोरच्या घोड्याची किंमत वाढत नाही. इसार देण्यापूर्वी हे करून घ्या. घाई करणारा विक्रेता असेल तर सरळ उठून या.

१. वय दातांवरून स्वतः पाहा. साधारण अडीच ते तीन वर्षांत मधली जोडी बदलते, साडेतीन ते चारमध्ये दुसरी, साडेचार ते पाचला तिसरी, आणि तोंड जुळतं. ‘चार वर्षांचा’ म्हणून दाखवलेला घोडा दोनदाती निघाला, असं अनेकदा घडतं.

२. उंची मोजपट्टीनं मोजा. सपाट फरशीवर, घोडा मान सैल सोडून उभा असताना, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर. उतारावर उभं करून किंवा खुरांची वाढ न काढता एक-दीड इंच सहज वाढवता येतो. मारवाडीत ६४ इंचांच्या पुढे इंचागणिक किंमत चढते, म्हणून ही काळजी.

३. दोन्ही अंडकोष खाली उतरलेले आहेत का, ते डॉक्टरांना हातानं तपासायला सांगा. एकच उतरलेला असेल तर घोडा माज दाखवेल, कदाचित फळवेलही, पण हा दोष पुढच्या पिढीत उतरण्याची दाट शंका असते. असा घोडा पैदाशीसाठी घेऊ नका.

४. वीर्यतपासणी. याला पर्याय नाही. तासाभराच्या अंतरानं दोन नमुने घेतात आणि दुसरा महत्त्वाचा मानतात. त्यात सरळ पुढे जाणारे, निर्दोष घडणीचे निदान १०० कोटी शुक्राणू असावेत, ही जगभर वापरली जाणारी कसोटी आहे. दोन्ही अंडकोषांची मिळून रुंदी ८ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी.

५. रक्ततपासणी. ग्लँडर्स आणि घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणी झाल्याचा अलीकडचा अहवाल हवा. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या चाचण्यांसाठी देशातली मुख्य संस्था आहे. सर्रा आणि गोचिडांमुळे होणाऱ्या रक्तातल्या आजारांचीही तपासणी करून घ्या.

६. पायांचे एक्स-रे. चारही घोटे आणि मागचे ढोपर. नाचवलेल्या घोड्याचे मागचे ढोपर आधी पाहा. मागच्या दोन पायांवर वारंवार उभं राहिल्याचा भार तिथेच बसतो.

७. शिंगरं पाहा. घोडा पाच वर्षांच्या पुढचा असेल तर त्याची निदान तीन शिंगरं, वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली, प्रत्यक्ष गोठ्यावर जाऊन पाहा. नर घोड्याची याहून खरी परीक्षा दुसरी नाही.

८. ओळख पटवा. मानेत डाव्या बाजूला पंधरा अंकी मायक्रोचिप असते. वाचकयंत्र लावून तो आकडा नोंदणीपत्राशी जुळवा. वंशाचा दावा मोठा असेल तर आयाळीचे मुळासकट उपटलेले केस देऊन डीएनए चाचणी करता येते. ‘अमक्याचा नातू’ हे तोंडी प्रमाणपत्र मानू नका.

आणखी एक गोष्ट, जी लोक दबक्या आवाजात विचारतात. जत्रेपूर्वी घोडा भरदार दिसावा म्हणून काहीजण स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानं मान आणि पुठ्ठे भरतात, पण अंडकोष आकसतात आणि वीर्य पातळ पडतं. परिणाम महिनोन्‌महिने राहतो. संशय असेल तर रक्ताचा नमुना डॉक्टरांकरवी काढून सीलबंद ठेवा आणि तसं विक्रेत्याला सांगूनच ठेवा. प्रामाणिक विक्रेता हरकत घेत नाही.

पहिले सत्तर दिवस

मघाच्या ‘सहा घोड्या लावल्या, एकही गाभण नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच सापडतं. घोड्याच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला साधारण ५७ दिवस लागतात आणि बाहेर पडण्याजोगा व्हायला आणखी आठवडा. म्हणजे आज घोड्याला ताप आला, तर त्याचा फटका पुढचे दोन महिने वीर्यात दिसतो. घोडा आज ठणठणीत असला तरीही.

आता हिशेब करा. डिसेंबरात घोडा राजस्थानातून किंवा पंजाबातून ट्रकनं आला. प्रवासात डोकं बांधलेलं, धूळ, थंडी. उतरल्यावर दोन दिवसांत ताप आणि खोकला. उपचारानं बरा झाला. जानेवारीत मालकानं घोड्या लावायला सुरुवात केली. त्या वेळी जे वीर्य बाहेर पडत होतं, ते तापाच्या दिवसांतलं. घोडा वांझ नव्हता, फक्त घाई झाली.

म्हणून:

- पहिले २१ ते ३० दिवस नवा घोडा इतर जनावरांपासून वेगळा ठेवा. पाण्याची बादली, खरारा, मोरखी सगळं वेगळं.
- रोज सकाळ-संध्याकाळ तापमान घ्या आणि वहीत लिहा. ९९ ते १०१.५ फॅरनहाइट ठीक. विश्रांतीत नाडी २८ ते ४४ आणि श्वास मिनिटाला ८ ते १६.
- पूर्वीच्या मालकाकडून आठवड्याभराचा चारा सोबत आणा आणि नवा चारा दहा दिवसांत हळूहळू मिसळा. पोटशूळ टाळायचा हा सर्वांत स्वस्त उपाय.
- ताप आला तर त्या तारखेपासून सत्तर दिवस मोजा, मग वीर्य पुन्हा तपासा, आणि नंतरच भरवणी सुरू करा.

खानदेश-विदर्भातल्या उन्हाळ्यालाही हेच लागू आहे. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या शेडखाली दुपारभर उभ्या केलेल्या घोड्याचं वीर्य पावसाळा लागेपर्यंत खराब असू शकतं. छपरावर पाचट किंवा कडबा टाका, आतून हवा खेळती ठेवा, दुपारी अंगावर पाणी मारा.

रोजची निगा

नर घोडा ‘वाईट’ नसतो. त्याला एकट्याला, अंधाऱ्या कोठडीत, चोवीस तास आगाडी-पिछाडी घालून बांधलं की तो वाईट होतो. तो भिंत चावतो, जागेवर झुलतो, स्वतःच्या कुशीला चावतो आणि शेवटी माणसाला. ज्याला दिवसातून दोन-तीन तास मोकळ्या वाड्यात फिरता येतं, दुसरे घोडे दिसतात, रोज काम मिळतं, तो घोडा मोतद्दाराच्या हातात शांत राहतो. दोन मोतद्दार सोडून गेलेल्या मालकाला मी घोडा बदलायला सांगितलं नाही, कोठडी बदलायला सांगितलं. निदान १४ बाय १४ फुटांची जागा आणि साडेपाच-सहा फूट उंचीचं, तारेचं नव्हे तर लाकडाचं किंवा पाइपचं कुंपण ही किमान गरज समजा.

खुराकाबद्दल थोडक्यात. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे ३८० किलोच्या घोड्याला साधारण सहा ते साडेसात किलो. चंदी कामाप्रमाणे, दोन-तीन वेळांत विभागून. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हात आणि कामात त्याहून जास्त. मीठ कायम समोर. भरवणीच्या हंगामात तूप, अंडी, बदाम यांचा मारा करतात. त्यानं घोडा लठ्ठ होतो, वीर्य सुधारत नाही.

पण तीन गोष्टी कधीच देऊ नका. यामुळे घोडे गेलेले आहेत:

- कोंबड्यांचं किंवा गाई-म्हशींचं तयार खाद्य. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. बैलाला चालणारी मात्रा घोड्याच्या हृदयाचा घात करते.
- बुरशी आलेला मका. त्यातलं विष मेंदू नासवतं, आणि त्याला उपचार नाही.
- ज्वारीची किंवा सुदान गवताची हिरवी वैरण. सतत खाल्ल्यानं लघवीच्या पिशवीचा दाह होतो आणि मागचे पाय लुळे पडतात. पूर्ण वाळलेला, स्वच्छ कडबा वेगळा.

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा, धनुर्वाताची लस न चुकता. जंतांचं औषध कॅलेंडर पाहून नव्हे, शेण तपासून.

आणि काटेरी लगाम वापरत असाल तर आजच काढून टाका. कामाच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनी तो स्पष्टपणे बंद केलेला आहे. जिभेला आणि हिरड्यांना जखम करून मिळवलेला ताबा हा ताबा नव्हे. जखमी तोंडाचा घोडा चारा कमी खातो आणि दरवेळी लगाम पाहिला की मान उडवतो.

भरवणी कशी करावी

तीन वर्षांच्या घोड्याला पहिल्या हंगामात दहा-बारा घोड्या पुरेत. पूर्ण वाढीचा, तपासलेला घोडा नैसर्गिक पद्धतीनं हंगामात चाळीसच्या आसपास घोड्या सांभाळू शकतो. दिवसाला एक, क्वचित दोन, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती.

घोडीचं चक्र साधारण २१ दिवसांचं, त्यात पाच ते सात दिवस ती माजावर असते. बीज सुटतं ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. म्हणून पहिल्याच दिवशी लावून मोकळं होऊ नका. माजाच्या तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, माज उतरेपर्यंत लावा. डॉक्टर सोनोग्राफीनं बीज पाहू शकत असतील तर एकाच भरवणीत काम होतं आणि घोड्याचा दम वाचतो.

काही बारकावे, ज्यांमुळे अपघात आणि आजार दोन्ही टळतात:

- घोडा स्वारीचा किंवा स्पर्धेचा असेल तर भरवणीसाठी वेगळी मोरखी आणि वेगळी जागा ठेवा. काही दिवसांत तो ओळखतो की ही मोरखी लागली की भरवणी, ती लागली की काम. स्पर्धेच्या मैदानात घोड्या पाहून हिंकाळणारा आणि उड्या मारणारा घोडा बहुधा हा फरक न शिकवलेला असतो.
- घोडीची शेपटी पट्टीनं गुंडाळा, तिचा मागचा भाग स्वच्छ धुवा. घोड्याचं लिंग फक्त कोमट साध्या पाण्यानं धुवा. साबण किंवा जंतुनाशक लावू नका. त्यानं नैसर्गिक जंतू मरतात आणि घातक जंतूंना मोकळी जागा मिळते.
- बाहेरून आलेल्या प्रत्येक घोडीच्या गर्भाशयाचा नमुना तपासल्याचा अहवाल मागा. एक आजारी घोडी तुमचा घोडा आणि पुढच्या सगळ्या घोड्या बिघडवते.
- माणसं दोनच, अनुभवी, डोक्यावर हेल्मेट. बघ्यांची गर्दी आणि मोबाइलचं चित्रीकरण नको.
- चौदा ते सोळा दिवसांनी सोनोग्राफी करा. जुळं असेल तर त्याच वेळी निर्णय घेता येतो. घोडीला जुळं क्वचितच सुखरूप होतं. गर्भकाळ अकरा महिने धरा.

कृत्रिम रेतनाची सोय आपल्याकडे वाढते आहे. पाच अंश सेल्सियसला थंड केलेलं वीर्य एक-दोन दिवस टिकतं. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात गोठवलेलं वर्षानुवर्षं. पण प्रत्येक घोड्याचं वीर्य गोठवणं सोसत नाही, म्हणून आधी चाचणी करा. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर केंद्रानं २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्माला घातलं, त्याचं नाव ‘राज-प्रथम’. उत्तम घोडी स्पर्धेत राहावी आणि तिची पैदास दुसऱ्या घोडीच्या पोटी व्हावी, हा मार्ग त्यामुळे देशी जातींनाही खुला झाला. शर्यतीच्या थरोब्रेडला मात्र हे चालत नाही. तिथे नैसर्गिक भरवणीचंच शिंगरू नोंदलं जातं.

करारात काय लिहाल

घरचीच माणसं आहेत, कागद कशाला, असं म्हणून झालेली भांडणं मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. मी स्वतःही एकदा तोंडी शब्दावर घोडी भरवणीला पाठवली आणि ती पायाला जखम घेऊन परत आली. जखम कधी, कशी झाली हे सांगायला कोणी तयार नव्हतं. तेव्हापासून एक पान तरी लिहिल्याशिवाय जनावर हलवत नाही.

भरवणीच्या करारात:

- फी किती, किती आगाऊ, किती घोडी गाभण ठरल्यावर.
- ‘जिवंत शिंगरा’ची हमी आहे का. तिचा अर्थही लिहा: शिंगरू उभं राहून आईला प्यालं म्हणजे हमी पुरी झाली. तसं न झाल्यास पुढच्या हंगामात मोफत भरवणी, की पैसे परत?
- घोडी तिथे राहणार असेल तर खुराकाचा दर आणि डॉक्टरचा खर्च कोणाचा. लक्षात ठेवा, दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या जनावराची शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तशी काळजी घेणं, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार त्याचं कर्तव्य आहे. पाठवताना आणि परत घेताना चारही बाजूंनी फोटो काढा, म्हणजे हा हक्क सिद्ध करता येतो.
- भरवणीचं प्रमाणपत्र किती दिवसांत मिळेल. ते नसेल तर शिंगराची नोंदणी अडते.

भागीदारीच्या करारात याशिवाय: घोडा कोणाच्या पागेत, खर्चाचं प्रमाण, प्रत्येकाला किती फुकट भरवण्या, स्पर्धेत कोणाच्या नावानं उतरणार, एकाला विकायचा असेल तर दुसऱ्याला आधी विचारण्याची अट. आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारं कलम म्हणजे गोठवलेल्या वीर्याची मालकी. घोडा मेल्यावर ते कोणाचं, किती मात्रा कोणाच्या, आणि घोडा विकल्यावर जुना मालक ते वापरू शकतो का, हे आजच लिहा.

खरेदीच्या कागदात ‘पैदाशीसाठी घेतला आहे’ हे शब्द घाला. जनावर हा कायद्याच्या दृष्टीनं माल आहे आणि त्याला माल विक्री कायदा, १९३० लागू होतो. घोड्यांचाच धंदा असलेल्या विक्रेत्याला तुम्ही हेतू सांगितला असेल आणि त्याच्या शब्दावर विसंबून घोडा घेतला असेल, तर वांझ घोड्याबद्दल नुकसानभरपाई मागण्याची बाजू बळकट होते. पैसे बँकेतूनच द्या.

कायदा, विमा, अनुदान

ग्लँडर्स. नाकात व्रण, घट्ट चिकट स्राव, अंगावर फुटणाऱ्या गाठी. या आजाराला लस नाही, उपचार करू दिला जात नाही, आणि तो माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार संशय आला की ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. रोग नक्की झाला तर घोडा दयामरणानं संपवावा लागतो. त्या वेळी प्रयोगशाळेचा लेखी अहवाल मागणं हा तुमचा हक्क आहे आणि शासकीय भरपाईची तरतूद आहे. लपवून घोडा दुसऱ्या जिल्ह्यात हलवणं हा गुन्हा तर आहेच, पण त्यानं तुमच्या मोतद्दाराचा जीव धोक्यात येतो.

वाहतूक. १९७८ च्या नियमांप्रमाणे प्रवासायोग्य असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत हवं. दर तीन-चार तासांनी थांबा, पाणी दाखवा, आणि शक्य असेल तिथे मान खाली घालू द्या. डोकं सतत वर बांधलेला घोडा छातीच्या संसर्गाला बळी पडतो.

घोड्यानं कोणाला इजा केली तर. जनावराबाबत हयगय हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. पागेच्या फाटकावर पाटी, कुलूप, आणि मोतद्दाराचा अपघात विमा ठेवा.

विमा. घोडा किती रकमेचा आहे हे डॉक्टरांच्या मूल्यांकनावर ठरतं, यात्रेतल्या बोलीवर नाही. मायक्रोचिपचा आकडा पॉलिसीत आलाच पाहिजे. वाहतूक, चोरी आणि पैदाशीची क्षमता गमावणं या तीन गोष्टी विम्यात आहेत का, ते सही करण्यापूर्वी वाचा. बहुधा त्यांसाठी वेगळा हप्ता लागतो. घोडा दगावला तर आधी कंपनीला कळवा, शवविच्छेदन करून घ्या, मगच पुरा. दावा नाकारला तर लेखी कारण मागा.

अनुदान. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. व्यक्ती, शेतकरी उत्पादक संस्था, बचत गट यांना पैदास केंद्रासाठी भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं. चौकशी जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात करा. भीमथडी पाळणाऱ्या पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या मेंढपाळ कुटुंबांनी तर नक्कीच करावी. या काटक, बुटक्या घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. डोंगराच्या वाटांवर ओझं घेऊन दिवसभर चालणारा भीमथडी नर हा माझ्या लेखी कुठल्याही पदकवाल्याइतकाच कामगिरीचा घोडा आहे.

कर. तुम्ही शेतकरी असलात तरी भरवणीची फी आणि शिंगरांची विक्री शेतीचं उत्पन्न ठरत नाही. वही ठेवा, सनदी लेखापालाला दाखवा.

पैदाशीतून कधी थांबवाल

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच काढतो. चॅम्पियनचा मुलगा आहे एवढ्यावर प्रत्येक नर शिंगरू अंडकोषांसकट ठेवलं जातं आणि तीन वर्षांचं झालं की कोणालाही न आवरणारं होतं. सदोष घडणीचे पाय, वाकडा जबडा, चिडका स्वभाव, किंवा आई-बाप दोघंही एकाच रक्ताचे असतील, तर त्याला दीड-दोन वर्षांचा होताच डॉक्टरांकडून, भूल देऊन, खच्ची करून घ्या. खच्ची घोडा स्वारीला आणि स्पर्धेला उत्तम होतो, इतरांसोबत चरायला सोडता येतो, आणि त्याचं आयुष्य सुखाचं जातं.

म्हाताऱ्या घोड्याचं वीर्य विशीच्या आसपास बहुधा उतरतं. दरवर्षी हंगामापूर्वी तपासा आणि आकडे खाली जाताना दिसले तर घोड्या कमी करा. खच्ची केला असेल तर लगेच माद्यांमध्ये सोडू नका. नळ्यांमध्ये उरलेले शुक्राणू काही आठवडे घोडी गाभण ठेवू शकतात. निदान दोन महिने त्याला वेगळा ठेवा, आणि ज्या दिवशी खच्ची केलं ती तारीख पागेच्या वहीत लिहून ठेवा.